साखरेवांचून गोडी आणि गवयाची स्मृति

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं दोन पत्रें एकाच विषयाचीं निघालीं. पहिलें पत्र सातारचें. लिहिणारे गृहस्थ चोपन्न वर्षांचे असून घरीं गायनाचा वर्ग चालवितात. चार वर्षांपूर्वीं त्यांस मधुमेह जडला. डॉक्टरांनीं साखर बंद केली, तेव्हां दुपारीं एकदां आणि वर्ग संपल्यावर एकदां, अशी 'डाएट' म्हणून मिळणाऱ्या फसफसत्या पेयाची बाटली त्यांनीं सुरू केली. अलीकडे बंदिशींचे शब्द त्यांस ऐन वेळीं आठवेनासे झाले आहेत. आणि हीं पेयें मेंदू पोखरतात असें जांवयांनीं कोठेंसें वाचून सांगितल्यापासून त्यांची झोंप उडाली आहे. दुसरें पत्र सांगलीच्या एका माउलीचें. चिरंजीव सतरा वर्षांचे. मिरजेस गुरुजींकडे सतार शिकतात. रात्रीं अकरानंतर रियाजास बसावें, शेजारीं 'झिरो' म्हणून मिळणारा डबा असावा, आणि त्यावांचून मला नवें कांहीं सुचतच नाहीं असें आईस ऐकवावें, हा त्यांचा नित्यक्रम. यांत खरें किती आणि खोटें किती, असें बाई विचारतात.

दोन्ही पत्रांचा मथितार्थ एकच आहे. साखरेवांचून गोड लागणारें पेय नित्य घेतल्यानें गायक-वादकाच्या मेंदूस अपाय होतो काय, आणि त्याच्या कल्पकतेवर बरावाईट परिणाम होतो काय? थोडक्यांत उत्तर हवें असेल तर तें असें : अपाय सिद्ध झालेला नाहीं, संशयास मात्र जागा आहे; कल्पकता वाढते हें तर मुळींच सिद्ध नाहीं; आणि ज्या कारणांनीं गवयाची स्मृति खरोखर ढासळते, तीं कारणें बहुधा या बाटलीच्या आड लपून राहतात. परंतु एवढ्यानें कोणाचें समाधान होणार नाहीं, म्हणून हा विषय जरा विस्तारानें मांडतों.

कृष्णाकांठच्या घरांत हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. महाबळेश्वरीं उगम पावून वाई, कऱ्हाड करीत सांगलीस येणाऱ्या या नदीच्या दोहों तीरांवर ऊंस पिकतो, तसें गाणेंही पिकत आलें आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले, आणि विष्णु दिगंबर पलुसकरांस त्यांची तालीम तेथेंच मिळाली. किराण्याचे अब्दुल करीम खां यांनीं मिरज हें आपलें घर केलें; १९३७ सालीं ते निवर्तले, पण तेथील दर्ग्याच्या उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गाणें आजही होतें. सातारकडे औंधास अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० सालीं सुरू केलेला संगीतोत्सव पुढील पिढ्यांनीं चालू ठेविला आहे. मिरजेच्या सतारींस व तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हां ज्या मुलखांत साखरही घरची आणि गाणेंही घरचें, तेथें साखरेवांचूनच्या गोडीचा गाण्याशीं संबंध काय, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आपल्या संगीतांत स्मृतीचें स्थान कोणतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पाश्चात्य वादक पुष्कळदां पुढें कागद ठेवून वाजवितो. आपला गवई बैठकीस बसतो तो रित्या हातानें. भातखंड्यांनीं 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत शेंकडों चिजा लिपिबद्ध केल्या, पलुसकरांनींही स्वतःची लेखनपद्धति चालविली. तरी मैफलींत पुस्तक उघडण्याची सोय नसते. चीज, तिचे शब्द, रागाचें चलन, वर्ज्य स्वर, ठेक्याची मात्रा न् मात्रा हें सर्व डोक्यांत जागें ठेवून त्याच क्षणीं नवी तान रचावयाची असते. म्हणजे आपल्याकडे स्मृति आणि कल्पकता या दोन निराळ्या वस्तु नव्हेत. पहिली हें दुसरीचें भांडवल आहे. भांडवलास वाळवी लागल्याची नुसती शंका आली, तरी सावकारानें पेटी उघडून पाहावी हें रास्तच होय.

आतां हीं पेयें म्हणजे काय तें पाहूं. त्यांत पाणी, सोड्याचा वायु, आंबटपणासाठीं आम्ल, रंग, वास, कोलाच्या जातींत कॅफीन, आणि साखरेच्या जागीं अत्यल्प प्रमाणांत घातलेलें एखादें कृत्रिम गोड द्रव्य असतें. या द्रव्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८७९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें फालबर्ग नांवाचा रसायनज्ञ प्रयोगशाळेंतून परतून हात न धुतांच जेवावयास बसला, पाव गोड लागला, आणि सॅकरिन जगास मिळालें. १९६५ सालीं श्लॅटर या संशोधकानें कागद उचलण्यासाठीं बोट जिभेस लावलें, त्यांतून अ‍ॅस्पार्टेम निघालें. १९७६ सालीं लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत शशिकांत फडणीस हे साध्या साखरेवर क्लोरीनची क्रिया करून नवे पदार्थ बनवीत होते. त्यांतील एक पदार्थ 'तपासून पाहा' असें इंग्रजींत सांगितलेलें त्यांस 'चाखून पाहा' असें ऐकूं आलें, आणि त्या चाखण्यांतून सुक्रालोज हातीं लागलें, अशी हकीकत सांगतात. देवनागरींत ते दोन्ही इंग्रजी शब्द आपण सारखेच लिहितों, हा आणखी एक विनोद! साखरेच्या मानानें अ‍ॅस्पार्टेम सुमारें २०० पट व सुक्रालोज सुमारें ६०० पट गोड आहे. हात धुतल्यावांचून पानावर बसूं न देणाऱ्या आमच्या आजीबाईंच्या स्वयंपाकघरांत यांपैकीं एकही शोध लागला नसता, हें मात्र खरें.

यांतील अ‍ॅस्पार्टेमवर सर्वांचा रोख असतो, तो कां? तें आंतड्यांत गेल्यावर फुटतें, आणि त्यापासून फिनाइलअ‍ॅलनीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल व यत्किंचित् मिथेनॉल निघतें. नांवें भयंकर असलीं, तरी पहिलीं दोन द्रव्यें आपल्या वरण-दुधांतूनही पोटांत जातात, आणि तिसरें फळांच्या रसांतही सांपडतें. संशयाचें मूळ इतकेंच कीं, फिनाइलअ‍ॅलनीन ज्या वाटेनें मेंदूंत शिरतें, त्याच वाटेनें मेंदूच्या निरोप्या द्रव्यांचा इतर कच्चा मालही शिरतो. एकाची गर्दी झाली तर दुसरा दाराशीं खोळंबेल, असा तर्क आहे. ज्या थोड्या मुलांस जन्मतःच फिनाइलकीटोन्यूरिया नांवाचा विकार असतो, त्यांच्या मेंदूस हें द्रव्य खरोखरच घातक होय, आणि म्हणून बाटलीवर तशी सूचना छापलेली असते. इतरांसाठीं २०२३ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें शरीराच्या वजनाच्या दर किलोस दिवसाकांठीं ४० मिलिग्रॅम ही पूर्वींचीच मर्यादा कायम ठेविली. एका डब्यांत २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलें, तर ७० किलो वजनाच्या मनुष्यानें दिवसांत ९ ते १४ डब्यांहून अधिक रिचविल्यासच ती ओलांडली जाईल. त्याच वर्षीं कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संस्थेनें या द्रव्याची गणना कर्करोगाशीं संबंध असण्याची 'शक्यता' असलेल्या पदार्थांत केली. पण पुरावा तुटपुंजा आहे, असेंही सांगितलें.

मेंदूविषयींच्या पुराव्यांत दोन अभ्यास मुख्य आहेत. अमेरिकेंत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गांवच्या कुटुंबांचें निरीक्षण पिढ्यानुपिढ्या चालू आहे. त्यावरून २०१७ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, कृत्रिम गोडीचें पेय रोज निदान एकदां घेणारांत, न घेणारांच्या मानानें, रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात व स्मृतिभ्रंश हे सुमारें तिप्पट आढळले. तथापि मधुमेहादि कारणें हिशेबांत धरल्यावर स्मृतिभ्रंशाचा संबंध फिका पडला, आणि यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं असें संशोधकांनींच सांगितलें. दुसरा अभ्यास ब्राझीलचा, २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला. त्यांत सरासरी ५२ वर्षें वयाच्या १२,७७२ माणसांवर सुमारें ८ वर्षें नजर ठेविली होती. हीं गोड द्रव्यें सर्वांत अधिक खाणारांच्या बुद्धीचा ऱ्हास, सर्वांत कमी खाणारांच्या मानानें, ६२ टक्के अधिक वेगानें झाला. म्हणजे सुमारें दीड वर्षाचें वार्धक्य त्यांस आगाऊ आलें, असें म्हणावयाचें. हा संबंध साठीच्या आंतील माणसांतच दिसला, मधुमेह्यांत तो अधिक ठळक होता, आणि झटकन शब्द सुचण्याची शक्तीही त्यांत घटलेली आढळली. सुक्रालोज मात्र त्या अभ्यासांत तपासलेल्या सात द्रव्यांत नव्हतें.

हे आंकडे वाचून सातारच्या गृहस्थांच्या छातींत धस्स होईल, हें आम्ही जाणतों. पण घाबरण्यापूर्वीं आमच्या नैयायिकांस विचारावें. जेथें धूर असतो तेथें अग्नि असतो, ही व्याप्ति खरी. उलट जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हटलें कीं अनुमान घसरतें. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघतो तो ओल्या सर्पणामुळें. या नजरेआड राहिलेल्या ओल्या सर्पणास न्यायशास्त्रांत 'उपाधि' म्हणतात. आतां पाहा, डाएट पेय बहुधा कोण पितो? ज्याचें वजन वाढलें आहे, ज्यास मधुमेह झाला आहे, ज्यास डॉक्टरांनीं ताकीद दिली आहे, तो. आणि मधुमेह स्वतःच मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांस अपाय करतो. मग स्मृति गेली ती पेयानें, कीं ज्या रोगामुळें पेय हातीं आलें त्या रोगानें? संशोधक गणितानें ही उपाधि वेगळी काढूं पाहतात, आणि पुष्कळशी काढतातही. पण नुसत्या निरीक्षणानें तिचा संपूर्ण निरास होत नाहीं. शिवाय आपण काय काय खातों हें माणसें आठवून सांगतात, आणि त्यांत चुका व्हावयाच्याच.

प्रत्यक्ष खाऊं घालून पाहिलेला एक लहानसा प्रयोगही आहे. अमेरिकेंतील नॉर्थ डाकोटा येथें २८ निरोगी माणसांस आठ दिवस अधिक अ‍ॅस्पार्टेमचा आणि आठ दिवस कमी अ‍ॅस्पार्टेमचा आहार, मध्यें खंड ठेवून, देण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. अधिक मात्रेच्या दिवसांत तीं माणसें अधिक चिडखोर झालीं, खिन्नता वाढली, आकृति व दिशा ओळखण्याच्या परीक्षेंत गुण उतरले. हातचा धरून ठेवणारी तात्पुरती स्मृति मात्र ढळली नाहीं. ती अधिक मात्रा वजनाच्या दर किलोस २५ मिलिग्रॅम, म्हणजे मान्य मर्यादेच्या आंतली होती. पण साठ किलोच्या मनुष्यास ती पांच ते सात डब्यांइतकी होते, हें विसरूं नये. अठ्ठावीस माणसें म्हणजे शाळेंतला एक लहान वर्ग. त्यावरून सिद्धांत मांडतां येणार नाहीं. पण गवयाच्या घरीं चित्ताची प्रसन्नता ही सुरांइतकीच मोलाची असते, म्हणून ही नोंद आम्हांस दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाहीं.

आतां सांगलीच्या चिरंजिवांचें म्हणणें घेऊं. डबा घेतला कीं सुचतें, असें त्यांस वाटतें. त्या डब्यांत सुचविणारें कांहीं असलेंच, तर तें गोड द्रव्य नव्हे, कॅफीन होय. अमेरिकेंत मिळणाऱ्या ३५५ मिलिलिटरच्या डाएट कोकच्या डब्यांत तें सुमारें ४६ मिलिग्रॅम असतें. आर्कान्सा विद्यापीठांतील संशोधकांनीं ८० माणसांवर केलेला एक प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. कांहींस २०० मिलिग्रॅम कॅफीन आणि कांहींस तशीच पण निर्गुण गोळी दिली. ज्या कोड्याचें उत्तर एकच असतें, तें सोडविण्यास कॅफीनची मदत झाली. पण नवनव्या कल्पना काढण्याच्या कामीं कांहीं फरक पडला नाहीं. संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर, पलटा बिनचूक घोटणें निराळें आणि आलापांत नवी जागा सांपडणें निराळें. पहिल्यास डोळे उघडे ठेवणारें औषध थोडें उपयोगी पडेल. दुसऱ्यास तें देतां येत नाहीं.

उलट त्या डब्यापायीं जें गमावलें जातें, तें वादकास फार महाग पडतें. २००२ सालीं हार्वर्डच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, बोटांनीं ठराविक क्रमानें कळा दाबण्याचा सराव करून माणूस रात्रभर झोंपला, तर मध्यें कांहींही सराव न करतां त्याचा वेग सुमारें २० टक्क्यांनीं वाढतो. तितकाच वेळ जागें राहिलेल्या माणसाचा वाढत नाहीं. म्हणजे सतारीवर बसणारा हात रियाजांत अर्धा घडतो, आणि उरलेला निजेंत घडतो. २०१३ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत निजण्यापूर्वीं तब्बल सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेंही झोंप तासाहून अधिक कमी केली. एका डब्यांत त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकेंच कॅफीन असतें, हें मान्य. पण चिरंजिवांचा डबा निजण्यापूर्वीं सहा तास नव्हे, निजेच्या दारांतच उघडला जातो.

तेव्हां बाईंनीं मुलास रागें भरूं नये; सतरा वर्षांच्या मुलास नुसत्या रागावण्यानें पटत नाहीं. त्यास त्याच्याच कलेच्या कसोटीस उतरवावें. चौदा दिवसांचा नेम करावा : सात दिवस डबा घेऊन, सात दिवस न घेतां. रोजची दहा मिनिटांची आलापी फोनवर मुद्रित करावी, आणि कोणत्या दिवशीं डबा होता हें न सांगतां ती गुरुजींस ऐकवावी. न घेण्याच्या सात दिवसांतले पहिले दोन-तीन दिवस मोजूं नयेत. संवयीचें कॅफीन सुटलें कीं डोकें दुखतें, सुस्ती येते, आणि हा त्रास दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकूं शकतो. म्हणूनच परीक्षेच्या किंवा मैफलीच्या आदल्या दिवशीं ही संवय एकदम तोडूं नये. एका मुलावरच्या प्रयोगानें शास्त्र सिद्ध होत नाहीं, पण मुलाचें मन वळण्यास तो पुरेसा आहे. रियाज पहाटे नेतां आला, तर वेगळें सांगावयास नकोच.

सातारच्या गृहस्थांस आमचें सांगणें निराळें आहे. बाटली सोडा, हें त्यांस आम्ही सांगूंच. पण सर्व खापर बाटलीवर फोडून स्वस्थ बसूं नका, हें त्याहून आग्रहानें सांगूं. मधुमेही मनुष्यास बंदिशींचे शब्द आठवेनासे झाले, तर त्याचीं कारणें अनेक असूं शकतात, आणि त्यांतील कित्येक दुरुस्त होण्याजोगीं असतात. मधुमेहावर सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षें घेतल्यानें शरीरांतील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊं शकतें. तें जीवनसत्त्व मांस, मासे, अंडीं, दूध अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळतें. आमच्या वरणभात-भाजीच्या घरांत तें मुळांतच बेताचें. त्याची उणीव झाली कीं विसराळूपणा येतो, मन उदास राहतें, हातापायांस मुंग्या येतात. साध्या रक्ततपासणीनें ही उणीव कळते, आणि गोळ्यांनीं वा इंजेक्शनांनीं भरून निघते. मात्र फार दिवस तशीच राहूं दिली, तर कांहीं नुकसान कायमचें होऊं शकतें. औषधानें रक्तांतील साखर एकाएकीं खालीं उतरली तरीही मनुष्य गोंधळतो, शब्द चुकतो. थायरॉईडचा दोष, रात्रीं घोरतांना श्वास अडणें, आणि ऐकूं कमी येणें, हींही कारणें डॉक्टरांकडून तपासून घ्यावीं. पेयाच्या भीतीनें झोंप उडाली असेल, तर ती भीतीही स्मृतीची शत्रूच होय.

दुसरी गोष्ट. डाएट पेयाचा धाक घेऊन कोणी मधुमेही रसवंतीगृहाची वाट धरील, तर आगींतून फुफाट्यांत पडेल. शंभर मिलिलिटर उसाच्या रसांत बारा-पंधरा ग्रॅम साखर असते. एक मोठा पेला म्हणजे सात-आठ चमचे. मधुमेह्यांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण इतरांच्या सुमारें दीडपट आढळतें. शिवाय मधुमेह बोटांसही सोडीत नाहीं : बोट वांकल्यावर अडकून बसणें, खांदा आखडणें हे विकार मधुमेह्यांत अधिक दिसतात, आणि पेटी, तबला किंवा सतार वाजविणारास त्याचा अर्थ सांगावयास नको. म्हणून निवड डाएट बाटली कीं उसाचा रस अशी नाहींच. दोन्ही एका बाजूस आणि साधें पाणी दुसऱ्या बाजूस, अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं हीं गोड द्रव्यें वापरूं नयेत असा सल्ला दिला. मधुमेह आधींच झालेल्यांस तो सल्ला लागू नव्हता, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. त्यांनीं आपल्या डॉक्टरांच्या विचारानें वागावें, आणि औषधांत स्वतः होऊन बदल करूं नये.

गाणाऱ्यांनीं गळ्याचाही विचार करावा. सोड्याच्या वायूनें पोट फुगतें, आंबट ढेकर वर येतात, आणि त्यांतील आम्ल कंठापर्यंत पोंचलें म्हणजे सकाळीं आवाज बसलेला, घसा खरखरलेला लागतो. रात्रीं उशिरां जेवून लगेच निजणाऱ्या गवयांत ही तक्रार जुनीच आहे. साखर नसली म्हणून ती टळत नाहीं.

मग प्यावें काय? चरकाचार्यांनीं औषधी द्रव्यांचे जे पन्नास गण सांगितले, त्यांत कंठास हितकर अशा दहा द्रव्यांचा एक स्वतंत्र गण आहे. त्यांत ज्येष्ठमध, पिंपळी, अनंतमूळ यांच्याबरोबर द्राक्षें आहेत आणि उसाचें मूळही आहे. सांगलीकडे द्राक्षें आणि ऊंस दोन्ही विपुल! पण वाचकांनीं आनंदानें पेला भरण्यापूर्वीं शब्द नीट वाचावा : चरकानें या गणांत मूळ सांगितलें आहे, रस नव्हे. शिवाय जी कसोटी आम्हीं परदेशी बाटलीस लाविली, तीच घरच्या काढ्यास लावणें हा न्याय होय. ग्रंथांतील उल्लेख म्हणजे प्रयोगाची सिद्धता नव्हे. म्हणून आमची शिफारस अगदींच साधी आहे. वर्गांत आणि मैफलींत कोमट पाणी. दुपारीं जिरें घातलेलें पातळ ताक. उन्हाळ्यांत साखर न घातलेलें आमसुलाचें पाणी. सकाळीं बिनसाखरेचा चहा एक कप. तोंडास चैन पडेनासें झालें, तर महिन्याकांठीं एखादी डाएट बाटली घेतल्यानें कोणाचा मेंदू जाणार नाहीं. आक्षेप आहे तो नित्यनेमावर. गोडाची संवय जिभेस कायम ठेवून साखर सोडूं पाहणें म्हणजे खर्जाचा रियाज टाळून तारसप्तकाची हांव धरण्यासारखें आहे. दोन-तीन आठवडे संवय मोडली कीं फिकें ताकही गोड लागूं लागतें.

शेवटीं एक विचार सर्वच गाणाऱ्या-वाजविणाऱ्या घरांपुढें ठेवावासा वाटतो. सामान्य मनुष्याची स्मृति ही त्याची स्वतःची मिळकत. गवयाची तशी नव्हे. त्याच्या कंठांतल्या चिजा त्याच्या गुरूनें त्याच्यापाशीं ठेविलेल्या असतात, आणि समोर बसलेल्या शिष्याच्या त्या हक्काच्या असतात. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा मनुष्य, चोर आल्याचा पुरावा मिळेपर्यंत दार उघडें टाकीत नाहीं, आणि पान हाललें म्हणून गांव गोळा करीतही सुटत नाहीं. तो निमूटपणें कडी लावतो. बाटली बाजूस ठेवणें ही तशी एक कडी आहे. वेळेवर निजणें ही दुसरी. रक्त तपासून घेणें ही तिसरी. आणि चौथी, जी आम्हांस सर्वांत भक्कम वाटते, ती अशी कीं, जें येतें तें आजच शिष्यास द्यावें. सातारच्या आमच्या मित्रांनीं विसरूं लागलेल्या बंदिशी या आठवड्यापासूनच वहींत उतराव्या, मुलांकडून पाठ करवून घ्याव्या. तपासणींत कांहींच निघालें नाहीं, तरी हें श्रम वायां जाणार नाहींत. इत्यलम्.